मुन्सफ कोर्टातून वर

(दृश्य : कोर्टाचा व्हरांडा, सकाळचे अकरा. दारात पट्टेवाला.)

पट्टेवाला नाव पुकारतो. वादी आत येतो, मागून प्रतिवादी येतो. दोघांचे वकील कागद चाळतात. कुणीतरी मुदत मागतं, आणि पुढची तारीख पडते.

मुन्सफ कोर्टाचा, म्हणजे अगदी खालच्या पायरीवरच्या दिवाणी कोर्टाचा, दिवस असा जातो. कुंपण कुणाच्या हद्दीत आहे, भाडं किती थकलंय, वडिलांच्या घरातली कुठली खोली कुठल्या भावाची... पेपरात ज्यांची बातमी कधी येणार नाही, असे हे दावे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयात बसलेल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश, न्यायमूर्ती फातिमा बीवी, अशाच एका कोर्टातून निघाल्या होत्या. दिल्लीला पोचायला त्यांना एकतीस वर्षं लागली.

(दृश्य : केरळ. पाऊस, कौलारू घरं.)

३० एप्रिल १९२७. त्रावणकोर संस्थानातलं पत्तनंतिट्टा हे छोटं गाव. वडील मीरा साहिब सरकारी नोकरीत. घरात सहा मुली, दोन मुलगे. फातिमा सगळ्यांत थोरली. नोकरदाराचं घर, पगारात भागवायचं आणि मुलांना शिकवायचं. गावातल्या शाळेतून ती त्रिवेंद्रमला गेली, बीएस्सी झाली. पुढे तिला रसायनशास्त्रात एमएस्सी करायचं होतं.

वडील म्हणाले, कायदा शिक.

मला इथे वडिलांचं कौतुक जरा जास्तच वाटतं. चाळिसाव्या दशकातलं मुस्लिम कुटुंब, पाठीवर आणखी पाच मुली, आणि हा माणूस थोरलीला लॉ कॉलेजात पाठवतो. पण त्यांच्या डोळ्यांसमोर एक बाई होती. त्रावणकोरमध्ये १९३७ साली ॲना चांडी मुन्सफ झाल्या होत्या. पुढे १९५९ मध्ये त्या केरळ उच्च न्यायालयात गेल्या. भारतातल्या उच्च न्यायालयाच्या त्या पहिल्या स्त्री न्यायाधीश. एकीला खुर्चीत बसलेलं पाहिलं, की आपल्या मुलीसाठी तशी खुर्ची मनात आणणं बापाला सोपं जातं.

बार कौन्सिलच्या परीक्षेत फातिमा पहिली आली, सुवर्णपदक मिळालं. १४ नोव्हेंबर १९५० ला तिने सनद घेतली आणि कोल्लमला वकिली सुरू केली. डोक्यावर पदर घेतलेली मुस्लिम मुलगी काळा डगला घालून कोर्टात आली, तेव्हा अनेकांच्या भुवया वर गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत, तिकडे दिल्लीत, सर्वोच्च न्यायालय सुरू झालं होतं. तिथे एकही बाई न्यायाधीश नव्हती. पुढची एकोणचाळीस वर्षं असणारही नव्हती.

(दृश्य : जुन्या दप्तरातल्या फायली, हाताने लिहिलेले कागद.)

मे १९५८. केरळ राज्य होऊन जेमतेम दीड वर्ष झालंय. फातिमा बीवी मुन्सफ म्हणून रुजू होतात.

मुन्सफाला काय करावं लागतं? आधी दावा वाचायचा, मग समोरच्याची कैफियत. भांडण नेमकं कशावर आहे ते शोधून मुद्दे काढायचे. साक्षीदार बोलतो ते नोंदवून घ्यायचं. तो लांबण लावतो, मधेच रडतो, खोटंही बोलतो. निकालाच्या दिवशी एक पक्ष हरतोच, आणि त्याला आपण का हरलो हे कळेल असं लिहावं लागतं. हे रोज.

१९६८ मध्ये त्या सबॉर्डिनेट जज झाल्या, १९७२ मध्ये मुख्य न्यायदंडाधिकारी, १९७४ मध्ये जिल्हा व सत्र न्यायाधीश. १९८० मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणावर गेल्या. ४ ऑगस्ट १९८३ ला केरळ उच्च न्यायालय.

पंचवीस वर्षं! नामांकित वकील थेट वकिलीतून उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होतो, तेव्हा हा सगळा जिना त्याला चढावा लागत नाही.

उच्च न्यायालयातून त्या २९ एप्रिल १९८९ ला निवृत्त झाल्या. वय बासष्ट. निरोप समारंभ होऊन गेलेले, आणि पाच महिन्यांनी दिल्लीचं बोलावणं आलं. ६ ऑक्टोबर १९८९ ला त्यांनी सर्वोच्च न्यायालयात शपथ घेतली. देशाने या गोष्टीचा खूप गाजावाजा केला. तिथे निवृत्तीचं वय पासष्ट, म्हणजे त्यांच्या वाट्याला अडीच वर्षं आली, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

त्या अडीच वर्षांतला कर्नाटकातल्या झोपडपट्टीवासीयांचा एक निकाल बघण्यासारखा आहे. सरकारने वस्तीला झोपडपट्टी सुधारणेखाली घेतलं, आणि नंतर अधिसूचना फिरवली. राहणाऱ्यांना विचारलंच नाही. फातिमा बीवींनी निकालात लिहिलं, की ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं होतं. मुन्सफ कोर्टात पहिल्या दिवशी शिकतात तेच हे : आधी दोन्ही बाजू ऐका.

१९९२ च्या एप्रिलमध्ये त्या निवृत्त झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयात पुन्हा एकही स्त्री उरली नाही. दुसरी आली १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये. त्या आपल्या मुंबईच्या, न्यायमूर्ती सुजाता मनोहर. गंमत म्हणजे दिल्लीला जाण्याआधी त्या मुख्य न्यायाधीश होत्या केरळ उच्च न्यायालयाच्या!

(दृश्य : चेन्नई, राजभवन.)

एक भाग अवघड आहे, पण तो गाळून चालणार नाही. १९९७ मध्ये त्या तामिळनाडूच्या राज्यपाल झाल्या. मे २००१ मध्ये त्यांनी जयललितांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. जयललितांना भ्रष्टाचाराच्या खटल्यात शिक्षा झालेली, निवडणूक लढवायलाही त्या अपात्र ठरलेल्या. बहुमत त्यांच्या पक्षाचं होतं, हे खरं. टीकेचा भडिमार झाला, आणि जुलैत फातिमा बीवींनी पद सोडलं. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती नेमणूकच रद्द ठरवली. ज्या न्यायालयात त्या स्वतः बसल्या होत्या, त्यानेच.

(दृश्य : कोल्लम, संध्याकाळ.)

२३ नोव्हेंबर २०२३ ला कोल्लममध्ये त्यांचं निधन झालं. शहाण्णव वर्षांच्या होत्या. त्र्याहत्तर वर्षांपूर्वी, नोव्हेंबरमध्येच, याच गावात त्यांनी वकिलीचा डगला चढवला होता.

दोन महिन्यांनी सरकारने पद्मभूषण जाहीर केलं. इथेही पुढचीच तारीख पडली.