वारा आत शिरला की छप्पर जातं

(दृश्य: दक्षिण फ्लोरिडा. आकाशातून घेतलेली वस्तीची जुनी चित्रं.)

२४ ऑगस्ट १९९२. उजाडायच्या आधीच ‘अँड्र्यू’ नावाचं हरिकेन, म्हणजे चक्रीवादळ, मायामीच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी २६५ किलोमीटरच्या आसपास होता. सकाळी तिथल्या होमस्टेड गावाच्या गल्ल्यांत घरांच्या रांगाच्या रांगा उघड्या पडलेल्या दिसल्या. २५,००० हून जास्त घरं उद्ध्वस्त झाली. नुकसान झालेल्या घरांचा आकडा त्याच्या जवळपास चौपट.

छप्पर उडालं म्हटलं की वाऱ्याने ते वरून उचललं, असंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. पण पुष्कळ घरांत सुरुवात खालून होते. वाऱ्याच्या तोंडावरची एखादी खिडकी फुटते, किंवा गॅरेजचं दार आत दबतं. वारा घरात घुसतो आणि त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. छपरावरून जाणारा वारा छप्पर वर खेचत असतोच, आता आत कोंडलेली हवाही त्याला खालून रेटायला लागते. छप्पर भिंतीशी जखडून ठेवणाऱ्या खिळ्यांनी आणि पट्ट्यांनी हे दोन्ही जोर एकदम सोसायचे असतात. म्हणून खिडकी वाचवायची. काचेच्या किमतीसाठी नव्हे, छपरासाठी.

(दृश्य: वादळापूर्वी काचेवर फुलीच्या आकारात चिकटपट्टी लावणारे हात.)

हे अजूनही सर्रास केलं जातं आणि ते पाहून वाईट वाटतं. चिकटपट्टीने काच मजबूत होत नाही. उलट फुटली तर तिचे मोठे, धारदार तुकडे घरात येतात. हातात वेळ असेल तर प्लायवूड ठोका, शटर लावा. चिकटपट्टीवर एक मिनिटही घालवू नका.

(दृश्य: प्रयोगशाळा. हवेच्या दाबावर चालणारी लांब नळी, समोर चौकटीत बसवलेली खिडकी.)

‘अँड्र्यू’नंतर दक्षिण फ्लोरिडाने बांधकामाचे नियम बदलले आणि २००२ पासून संपूर्ण राज्याला एकच संहिता लागू झाली. मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड या दोन काउंट्यांमधले नियम सगळ्यांत कडक. तिथे खिडकीची परीक्षा कशी होते, ते बघा.

नळीत लाकडाचा एक वासा आहे, वजन सुमारे ४ किलो. तो ताशी ५५ किलोमीटर वेगाने सुटतो आणि टोकाकडून काचेवर आपटतो. एकदा मधोमध, एकदा कोपऱ्याजवळ. काच तडकते, जाळं पडतं. त्यात काही बिघडलं नाही, तडकायला तिला परवानगी आहे. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. त्याच तडकलेल्या खिडकीवर दाब द्यायचा आणि काढायचा, आधी बाहेरून, मग आतून. हे पुन्हा पुन्हा केलं जातं, राज्याच्या इतर भागांत चालणाऱ्या चाचणीत तर ९,००० वेळा. वादळात वारा एकदा धक्का देऊन थांबत नाही, तासन् तास हिसके देत राहतो, म्हणून एवढा खटाटोप. शेवटी काच चौकटीतच राहिली आणि आरपार मोठी फट पडली नाही, तरच खिडकी पास.

हे साधतं कसं? मोटारीच्या पुढच्या काचेसारखी रचना असते. दोन काचा आणि त्यांच्यामध्ये पारदर्शक, चिवट प्लास्टिकचा थर. काचा फुटतात, पण तुकडे त्या थराला चिकटून राहतात. थराच्या जोडीला आणखी एक गोष्ट लागते आणि तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही: काचेची कड चौकटीच्या खाचेत भक्कम सिलिकॉनने चिकटवलेली असावी लागते. ती सुटली तर फुटलेली काच अख्खीच्या अख्खी खाचेतून निसटून घरात पडते.

(दृश्य: घराची भिंत. जुनी खिडकी काढलेली, मोकळा गाळा.)

आता बसवण्याचं काम. माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. खिडकीवर आलेला जोर काच चौकटीला देते, चौकट स्क्रूंना आणि स्क्रू भिंतीला. यातला एक दुवा कच्चा राहिला तर महागातली महाग काचही चौकटीसकट आत येते.

मंजूर झालेल्या प्रत्येक खिडकीसोबत तिचा नकाशा असतो. स्क्रू कोणता, किती अंतरावर, भिंतीत किती खोल, सगळं त्यात लिहिलेलं. ही खोली काँक्रीटमधली धरायची, वरचा गिलावा त्यात मोजायचा नाही. स्क्रू कडेच्या फार जवळ गेला तर भिंतीतल्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा कोपराच फुटतो.

(दृश्य: अगदी जवळून. ड्रिल थांबतं, भोकातून पांढरी भुकटी गळते.)

ही भुकटी फुंकून बाहेर काढायलाच हवी. ती आत राहिली की स्क्रू पुरता खोल जात नाही, त्याची पकड कमी होते. वरून मात्र सगळं ठाकठीक दिसतं. चौकट ओळंब्यात बसवताना भिंतीशी राहिलेली फट स्क्रूच्या जागी पट्टी सरकवून भरतात. तसं केलं नाही तर स्क्रू आवळताना चौकट वाकते आणि पल्ला अडकायला लागतो. किनाऱ्यावरची खारी हवा साध्या लोखंडाला लवकर खाते, त्यामुळे स्क्रू गंज न धरणारेच हवेत. निरीक्षकाने हे सगळं पाहावं, म्हणून त्याच्या भेटीआधी स्क्रू झाकू नयेत.

झोपायच्या खोलीत किमान एक पल्ला सहज उघडणारा ठेवा. आग लागली तर ही काच हाताने फोडून बाहेर पडता येत नाही. आणि या खिडक्या समुद्राच्या लाटेपासून वाचवत नाहीत. घर सोडायचा आदेश आला की निघायचंच, खिडक्या कितीही भारी असल्या तरी.

खर्च मोठा आहे. ‘माय सेफ फ्लोरिडा होम’ या सरकारी योजनेतून पात्र घरमालकाला जास्तीत जास्त १०,००० डॉलरपर्यंत मदत मिळते. विम्याच्या हप्त्यातही सूट मिळू शकते. पण त्यासाठीची पाहणी करणारा माणूस घरातल्या उत्तम खिडकीवर शेरा देत नाही. तो सगळ्यांत कमकुवत खिडकी किंवा दार शोधतो आणि घराची वर्गवारी त्यावर ठरते. दर्शनी भागातल्या पाच खिडक्या बदलल्या आणि मागचं काचेचं सरकतं दार तसंच ठेवलं, तर फॉर्मवर खूण त्या दाराचीच होते. वादळातही आधी तेच जाईल.