रेकॉर्डमधला तो शून्य

स्क्रीनवरचे हे दोन आकडे बघा. एक 50-0, दुसरा 19-11, आधी विजय, मग हार. पहिला फ्लॉइड मेवेदर, बॉक्सिंगवाला, भारी आहेच, त्यात वाद नाही. दुसरा रँडी कूचर. 11 वेळा हरलेला हा माणूस यूएफसीमध्ये, म्हणजे एमएमएच्या (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतींच्या) सगळ्यात मोठ्या कंपनीत, तीनदा हेवीवेट चॅम्पियन झाला, वर लाइट हेवीवेटचा बेल्ट पण दोनदा घेतला, आणि 2007 मध्ये हेवीवेटचा बेल्ट परत मिळवला तेव्हा वय होतं 43. बॉक्सिंगमध्ये 11 हार नावावर असत्या तर टायटल फाइट मिळवतानाच नाकी नऊ आले असते.

मग नुसता आकडा बघून काय कळतं? फार काही नाही. आधी विचारायचं की समोरचा माणूस निवडला कोणी.

बॉक्सिंगमध्ये नवा पोरगा प्रो, म्हणजे पैशासाठी लढणारा, होतो, प्रमोटरने (फाइट्स भरवणाऱ्याने) त्याच्यावर पैसा लावलेला असतो, तिकिटं त्याच्याच नावावर खपणार असतात. तर मॅचमेकर, म्हणजे जोड्या लावणारा, समोर असा गडी आणतो जो लगेच पडणार नाही पण जिंकणार पण नाही, चार-सहा राउंड पोराला खेळवेल, दोन गोष्टी शिकवेल आणि पॉइंट्सवर हरून घरी जाईल. याला म्हणतात जर्नीमन. ब्रिटनचा पीटर बकली घ्या: 300 फाइट्स, 32 विजय, 256 हार, 12 ड्रॉ. वाचून हसू येतं ना? पण नसीम हमीदसारखा पुढे वर्ल्ड चॅम्पियन झालेला बॉक्सर सुरुवातीला याच बकलीसमोर उभा राहिला होता. आणि जर्नीमनचं गणित वेगळंच असतं, नॉकआउट झाला की डॉक्टरी नियमाने काही दिवस रिंग बंद, म्हणजे कमाई बंद, म्हणून तो जिंकायच्या आधी स्वतःला वाचवतो, आणि चुकून कोणाच्या लाडक्या पोराला हरवलंच तर पुढचे फोन येणं कमी होतं ते वेगळंच.

म्हणून 20-0 दिसलं की हुरळून जायचं नाही, ते 20 जण कोण होते ते बघायचं.

तसं हे शून्याचं वेड आजच्याइतकं आधी नव्हतं. शुगर रे रॉबिन्सन 1943 च्या फेब्रुवारीत जेक लामोटाकडून हरला, प्रो झाल्यापासूनची पहिली हार, आणि तीन आठवड्यांत परत त्याच लामोटासमोर उभा राहून जिंकला पण. आज असं होईल? आज पहिल्या हारेनंतर आधी सहा महिने मुलाखतीच चालतील.

आता माझी सगळ्यात आवडती फाइट. मार्च 2014, सॅन अँटोनियो. एका कोपऱ्यात वासिल लोमाचेन्को, दोन ऑलिंपिक गोल्ड, अमॅच्युअरमध्ये 396 विजय आणि फक्त 1 हार. प्रो म्हणून ही दुसरीच फाइट, आणि थेट टायटलसाठी. समोर चॅम्पियन, मेक्सिकोचा ओर्लांडो सालिदो, 12 वेळा हरलेला. वर सालिदो वजनात बसला नाही, बेल्ट वजनकाट्यावरच गेला. पण फाइटमध्ये त्याने पोटावर मारलं, पट्ट्याखाली मारलं, अंगावर रेलून राहिला, जे जमेल ते सगळं केलं, आणि स्प्लिट डिसिजनने, म्हणजे तीनपैकी दोन जजच्या मताने, जिंकला. लोमाचेन्कोचं प्रो रेकॉर्ड झालं 1-1. सालिदोने त्या 12 हारांत काय काय शिकून ठेवलं होतं ते कुठल्याच रेकॉर्डमध्ये लिहिलेलं नसतं.

एमएमएमध्ये एक तर हरायचे रस्तेच जास्त. ठोसा, लाथ, कोपर, गुडघा, गळा आवळला, हात पिरगळला, त्यात ग्लोव्हज चार औंसाचे. आणि यूएफसीसारख्या ठिकाणी दोन्ही फायटर एकाच कंपनीचे, कोणी पण जिंको, कंपनीचं काही जात नाही, मग कोणाला जपायचं कशाला? चार्ल्स ओलिवेरा मे 2021 मध्ये लाइटवेट चॅम्पियन झाला तेव्हा 8 हारा नावावर होत्या. त्यातल्या बऱ्याच खालच्या वजनगटातल्या, जिथे त्याला वजन उतरवताना घाम फुटायचा आणि कधी कधी उतरायचं पण नाही. एमएमएचे चाहते हे सगळं धरून हिशोब करतात: कोणाकडून हरला, कसा हरला, कुठल्या वजनात.

जॉन जोन्सची एकमेव हार तर कोणी हार धरतच नाही. 2009 मध्ये मॅट हॅमिलला खाली पाडून धुवत होता आणि वरून सरळ खाली कोपर मारलं म्हणून डिसक्वालिफाय झाला. गंमत म्हणजे 2024 मध्ये ती बंदीच नियमांतून गेली, ती हार मात्र अजून तिथेच आहे.

अर्थात शून्य एमएमएला पण आवडतो. खबीब 29-0 वर रिटायर झाला, त्यावर हुज्जत घालणारे लगेच म्हणतात की त्यातल्या 16 फाइट्स यूएफसीच्या बाहेरच्या. मला ते फार पटत नाही, आतल्या 13 मध्ये मॅकग्रेगर, पॉरिये, गेची ही तिन्ही मोठी नावं येतात, पण प्रश्न चुकीचा नाहीये.

आणि तोच प्रश्न मेवेदरला पण लागतो. 49-0 वर तो जुना हेवीवेट चॅम्पियन रॉकी मार्सियानोच्या बरोबरीला होता. 50 वा विजय ऑगस्ट 2017 मध्ये आला, दहाव्या राउंडमध्ये, त्याच यूएफसीवाल्या कॉनर मॅकग्रेगरवर. त्या रात्री रिंगमध्ये उतरताना मॅकग्रेगरचं प्रो बॉक्सिंग रेकॉर्ड होतं 0-0.