आकडा सुधारला, पण पेशंटचं काय?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय. ‘औषधाने रिपोर्ट सुधारतो ना, मग वर्षानुवर्षं ट्रायल कशाला?’ आज तेवढंच घेऊ.

ट्रायल कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. चिठ्ठ्या टाकून दोन गट, एकाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. खरी मेख आहे ती शेवटी मोजायचं काय, यात.

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या काही लोकांच्या ईसीजीत जादा ठोके दिसतात. असे ठोके ज्यांना जास्त, त्यांच्यात मृत्यूही जास्त. मग ठोके दाबले की जीव वाचेल, असं भल्याभल्यांना वाटलं. फ्लेकेनाइड आणि एनकेनाइड ही औषधं ठोके दाबायचीही. मग ‘कास्ट’ नावाची ट्रायल झाली. आधी औषध देऊन बघितलं आणि ज्यांचे ठोके कमी झाले त्यांनाच पुढे घेतलं. म्हणजे रिपोर्ट सगळ्यांचेच सुधारलेले! आणि निकाल? सरासरी दहा महिन्यांत औषधाच्या गटात 755 पैकी 63 जण गेले, औषध नसलेल्या गोळीच्या गटात 743 पैकी 26. 1989 मध्ये ही औषधं तिथेच थांबवली. अटॅकने जखमी झालेल्या स्नायूत ही औषधं विजेचा प्रवाह आणखी मंद करतात, त्यातून हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते. ईसीजीवर ठोके कमी दिसत होते आणि माणसं जात होती. हे वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

‘ही जुनी गोष्ट झाली’ असं कुणीतरी लिहिणारच. मग टॉर्सेट्रापिब हे कोलेस्टेरॉलचं औषध घ्या. चांगलं कोलेस्टेरॉल 70 टक्क्यांहून जास्त वाढलं, वाईट उतरलं. आकडे बघून कुणीही खूश व्हावं. पण रक्तदाब चढला, औषधाच्या गटात मृत्यू जास्त झाले, आणि 2006 मध्ये पंधरा हजारांवर लोकांची ती ट्रायल बंद करावी लागली.

आता उलट बाजू. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही तेव्हा, बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारी औषधं) देऊ नये, असं डॉक्टर वर्षानुवर्षं मानत होते, कारण ते हृदयाचा जोर कमी करतात. माझ्या मावशीला ही गोळी सुरू झाली तेव्हा पहिले काही आठवडे तिला थकवा यायचा, घरचे गोळी बंद करायला निघाले होते. डॉक्टरांनी समजावलं की डोस मुद्दामच अगदी थोडा ठेवलाय, हळूहळू वाढवायचा. 1999 च्या बिसोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरच्या ट्रायलमध्ये मृत्यूचं प्रमाण 17 टक्क्यांवरून 12 टक्क्यांच्या आसपास आलं होतं. सुरुवातीला ‘जोर’ बघून ठरवलं असतं तर हे औषध कुणी दिलंच नसतं.

आणि कृपा करून ‘म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळीही फुकट’ असं लिहू नका. अशा कमेंट वाचून लोक खरोखर गोळ्या सोडतात, याचा मला मनापासून राग येतो. 1994 मध्ये सिम्वास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीची ट्रायल आली, 4,444 हृदयरोगी, पाच वर्षांहून जास्त काळ. औषध नसलेल्या गोळीच्या गटात 12 टक्के गेले, औषधाच्या गटात 8 टक्के. तिथे आकडाही उतरला आणि माणसंही वाचली. तेव्हा नवं औषध आलं की डॉक्टरांना विचारा, ‘याने अटॅक आणि मृत्यू कमी झाल्याचं दिसलंय का, की फक्त रिपोर्ट बदलतो?’