रिकामा फ्रिज आणि फुलांचा गुच्छ

श्रोतेहो, नमस्कार. आज माकोतो फुजिमुरा यांच्याविषयी बोलू. जन्म १९६० चा, बॉस्टनमधला, आईवडील जपानी. चित्रकार, लेखक आणि श्रद्धावंत ख्रिस्ती.

पण आधी गोष्ट, कारण ती मला फार आवडते. १९८३ मध्ये कॉलेज संपलं आणि त्यांचं लग्न झालं. कनेक्टिकटमध्ये छोटंसं बिऱ्हाड. बायको पुढचं शिकत होती. हे विशेष मुलांच्या शाळेत शिकवायचे आणि घरी चित्रं काढायचे. पैशांची इतकी ओढाताण, की आठवडा निघायचा तो डबाबंद ट्यूना माशावर. एका संध्याकाळी फुजिमुरा एकटेच घरी बसलेत. घरभाड्याची चिंता. फ्रिज रिकामा, खिसाही रिकामा. तेवढ्यात बायको आली. हातात काय? फुलांचा गुच्छ! तडकलेच ते. खायला नाही घरात, आणि फुलं कसली आणतेस? ती एवढंच म्हणाली, की आत्म्यालाही खाऊ घालायला हवं ना! ऐकलंत? चित्रकार होता नवरा, आणि फुलांची गरज कळली ती बायकोला. पुढे त्यांनीच हे पुस्तकात लिहिलं.

बायबलमधली बेथानी गावची मरीया आठवते? येशूच्या पायांवर तिनं महागडं सुगंधी तेल ओतलं, तेव्हा येशूचा शिष्य यहूदा यानं किंमत काढली: तीनशे दीनार, गरिबांना का नाही दिले? अशा हिशेबी माणसांची कलेच्या जगात आजही वाण नाही; लिलावाचा आकडा कळल्याशिवाय त्यांना चित्र दिसतच नाही. फुजिमुरांच्या लिखाणात ही मरीया पुन्हा पुन्हा येते.

मग ते तोक्योला निहोंगा ही जपानी चित्रपद्धती शिकायला गेले. ख्रिस्ती श्रद्धा त्यांनी जपानातच स्वीकारली. निहोंगात खनिजं कुटून सरसात कालवतात. अझुराइट हे निळं खनिज जितकं बारीक कुटाल, तितका निळा फिका. थर द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा थर. पुन्हा थर! किंग जेम्स बायबल या जुन्या इंग्रजी भाषांतराला २०११ मध्ये चारशे वर्षं झाली, तेव्हा चारही शुभवर्तमानांसाठी, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांसाठी, त्यांनी याच पद्धतीनं चित्रं केली, बरीचशी अमूर्त.

त्यांचं चित्र कुठं समोर आलंच, तर शेजारची पाटी आधी वाचू नका. फोटोही नंतर काढा. निळ्याखालचे थर दिसायला डोळ्यांना जरा वेळ लागतो. नमस्कार.