शंभर टक्के, पण कशाचे?

बसा बसा, मागे पंख्याखाली जागा आहे. विषय पत्रिकेवर छापलाय तोच, जुना लॅपटॉप फुल चार्ज दाखवतो आणि अर्ध्या तासात मान टाकतो, असं का. विज्ञान सांगतोच, पण आधी आमच्या भाऊजींचं ऐका, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

भाऊजींचा लॅपटॉप असाच. चार्जिंगला लावला की शंभर, वायर काढली की यूट्यूबवरचं कीर्तन उत्तररंगाला पोचायच्या आत काळोख. नेला दुकानात. नाव घेत नाही, त्यांच्यापैकी कुणी इथे बसलेलं असायचं (हशा). ते म्हणाले विंडोज बिघडलंय, फॉरमॅट मारू. मारला. नातवाच्या बारशाचे फोटो गेले, ताई भाऊजींशी बोलेना, आणि लॅपटॉप होता तसाच. मग म्हणे रॅम कमी पडतेय. टाकली. आता तो भुर्रकन सुरू व्हायचा आणि तितक्याच भुर्रकन बंद. पुढच्या खेपेला मदरबोर्ड काढला बोलण्यात, तेव्हा भाऊजी घाबरत घाबरत म्हणाले, अहो पण बॅटरी तर गेली नसेल? काउंटरवरच्या पोराने स्क्रीन फिरवली, "काका, हे बघा ना, हंड्रेड पर्सेंट. बॅटरी एकदम ओके."

ह्या एका वाक्यासाठी मी आज इथे उभा आहे.

अहो, शंभर टक्के कशाचे? बॅटरी नवी असताना तिच्यात जेवढी वीज मावायची त्याचे नव्हेत, आज जेवढी मावते त्याचे! सिलॅबस कापत कापत पेपर चाळीस मार्कांचा केला आणि चाळीसपैकी चाळीस पडले, तर पोरगं पेढे वाटणारच ना. स्क्रीन खोटं बोलत नाही, छेद सांगत नाही एवढंच. तो बघायचा असेल तर विंडोजच्या काळ्या कमांडच्या खिडकीत powercfg /batteryreport असं टाइप करा, फळ्यावरही लिहिलंय, फोटो काढून घ्या. बॅटरी रिपोर्टची फाइल बनते, फुकट, त्यात दोन आकडे बघा. भाऊजींच्या रिपोर्टात डिझाइन कपॅसिटी, म्हणजे नवी असताना मावायची ती, ४१ हजार मिलिवॅट-अवर (साठलेली वीज मोजायचं माप) आणि खाली फुल चार्ज कपॅसिटी, म्हणजे आज मावते ती, १६ हजार. म्हणजे चाळीस टक्केही नाही! रॅमच्या पैशात नवी बॅटरी आली असती हो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पळवतो.

लिथियम-आयन बॅटरी, सोनीने १९९१ ला बाजारात आणली, २०१९ चं केमिस्ट्रीचं नोबेल ह्याच कामाला मिळालं. आत लिथियम इकडून तिकडे फिरतं, आणि बॅटरीच्या एका टोकाला असलेल्या ग्रॅफाइटवर एक पातळ थर बसतो, तो थर हवाच असतो पण वाढत जातो आणि थोडं थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवतो. हे झालं मावणं कमी होण्याचं. दुसरं म्हणजे आतला रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो, मग जड काम सुरू केलं की व्होल्टेज धाडकन खाली, आणि लॅपटॉप तीस टक्क्यांवरून सरळ बंद. त्यात सेल एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेले, एक म्हातारा झाला की बाकीच्यांना पण थांबावं लागतं. साधारण तीनशे ते पाचशे सायकलींत, म्हणजे तितक्या वेळा पूर्ण उतरून पूर्ण भरली की, मूळ क्षमता ऐंशी टक्क्यांवर येते, उन्हाळ्यात गादीवर ठेवून, सतत फुल चार्जवर प्लग लावून वापरलात तर आधीच.

कॅलिब्रेशन, म्हणजे पूर्ण उतरवून पूर्ण चार्ज करणं, त्याने टक्के दाखवणारा काटा सुधारतो, बॅटरी नाही. चार्ज ऐंशीवर थांबवायची सेटिंग बऱ्याच कंपन्या देतात, ती लावा. आणि टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगलीय, दाबू नका, टोचू नका, चार्जिंग बंद, आणि घंटागाडीत तर अजिबात टाकू नका, ई-कचरा घेतात तिथेच द्या.

प्रश्न? हो काकू, मोबाइलचंही हेच.