समुद्राकडे पाठ करून

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘चिंक्वे तेर्रेची पाच गावं: पाहावीत कशी?’ तुमच्यातले बरेच जण इटलीच्या त्या लिगुरिया किनाऱ्यावर जाऊन आलेत. चहाच्या वेळी तुम्ही फोटो दाखवलेत मला. त्या पाचांतल्या मनारोलाचा फोटो सगळ्यांकडे तोच: खाली काळा खडक, वर गुलाबी-पिवळी घरं, त्यांवर मावळतीचं ऊन. सुंदरच आहे तो. माझ्याही घरात लावलाय. पण तो काढून झाला की समुद्राकडे पाठ करा आणि डोंगराकडे बघा, एवढंच माझं मागणं आहे. मी भेटेल त्याला हे सांगत असतो. आज तर अख्खं सभागृह मिळालंय.

आधी पहिल्या खेपेचं सांगतो. २०१४ चा मे महिना. आई आणि मी एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. पाचही गावं एका दिवसात! कागदावर लिहिलेलं: रिओमाज्जोरे ४० मिनिटं, मनारोला ४५, वेर्नात्सा एक तास, मोंतेरोसोला जेवण, आणि कोर्निलिया ‘वेळ मिळाल्यास’. ते ‘वेळ मिळाल्यास’ मला आजही टोचतं. पाचांतलं हे एकच गाव पाण्याला लागून नाही. समुद्रापासून शंभरेक मीटर उंच कड्यावर बसलंय. स्टेशनातून वर जायला विटांचा जिना आहे, लार्दारिना म्हणतात त्याला. पावणेचारशेच्या वर पायऱ्या. आमच्या मार्गदर्शकानं जिना बघितला, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, पुढे चला.

आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची. राजापूरकडचा जन्म, डोक्यावर हंडा घेऊन घाटी चढलेली बाई. ती म्हणाली, “एवढ्या लांब आलो ते गाडीत बसायला काय? तू हो पुढे, मी चढते.” मग मी कसला पुढे होतोय! गट गेला मोंतेरोसोला आणि आम्ही दोघं थांबत थांबत वर.

गावाच्या कडेला द्राक्षमळा होता. तिथे एक म्हातारे गृहस्थ ढासळलेली भिंत रचत होते. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. आईनं भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाली, “अरे, हा तर गडगा!”

कोकणातल्यांना गडगा सांगायला नको. इतरांसाठी सांगतो: आमच्याकडे आवाराला, बागेला असा कोरडा दगडी बांध घालतात. दर पावसाळ्यानंतर कुठेतरी ढासळतो आणि दसरा-दिवाळीपर्यंत घरातलं कुणीतरी तो पुन्हा रचतं. आमच्या घरी ते काम आईचं. तेव्हा ती नुसती बघत उभी राहणं शक्यच नव्हतं. “खालचा दगड हलतोय हो तुमचा,” ती मराठीत म्हणाली. ते इटालियनमध्ये काहीतरी बोलले. तिनं कपची शोधून दिली, त्यांनी ती फटीत ठोकली. दगड बसला. अर्धा तास हेच चाललं होतं. दोघांनाही एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघंही अखंड बोलत होते. (हसता काय, खरं सांगतोय!) मोठे दगड तळाला, लांबी डोंगरात घुसेल असे. भिंतीचा कल आत, डोंगराकडे. मागे बारीक दगडांची भर, म्हणजे पाणी अडत नाही, पाझरून जातं. हे सगळं त्यांनी हातांनीच दाखवलं. निघताना बोटभर ग्लासात शाक्केत्रा दिली. तिथली गोड वाईन ती. द्राक्षं काढल्यावर आठवडेच्या आठवडे सावलीत सुकवतात आणि मग रस काढतात. आईनं फक्त वास घेतला आणि म्हणाली, “मनुका.” बरोबर होतं तिचं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं. मग मुद्द्याचं भरभर सांगतो.

त्या उतारावर सपाट जमीन नव्हतीच. सुमारे हजार वर्षं माणसांनी डोंगर फोडून, भिंती घालून, माती भरून टप्पे केले. १८७० च्या दशकात रेल्वे आली, शेजारी ला स्पेत्सियाला नौदलाच्या गोदीत काम मिळू लागलं आणि मळे ओस पडत गेले. भिंत पडली, रचायला माणूस नाही. २५ ऑक्टोबर २०११ ला काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला. वेर्नात्साच्या रस्त्यांत कित्येक फूट चिखल भरला, तिघांचा जीव गेला. मोंतेरोसोलाही तसाच तडाखा बसला. पुढे अभ्यासकांनी नोंदवलं की नुकत्याच सोडून दिलेल्या टप्प्यांवरून दरडी जास्त सुटल्या. म्हणजे वरचा गडगा खालच्या गुलाबी घराला सांभाळत असतो. युनेस्कोनं १९९७ मध्ये ही गावं शेजारच्या पोर्तोव्हेनेरे गावासह जागतिक वारशात घेतली ती या माणसानं घडवलेल्या डोंगरासकट. आणि २०१८ मध्ये कोरड्या दगडी भिंती रचण्याची कलाही अमूर्त वारशात आली, इटलीसह आठ देशांची मिळून.

तेव्हा जाल तर दोन रात्री तरी राहा. दिवसभराची गर्दी संध्याकाळच्या गाड्यांनी ओसरते. कोर्निलियाहून वरच्या व्होलास्त्रा वाडीमार्गे मनारोलाला चालत जा, वाट द्राक्षमळ्यांतूनच जाते. चांगले बूट घाला, चपला नकोत. दातेरी रुळावरून द्राक्षं वाहणारी छोटी गाडी दिसली तर थांबून बघा. शाक्केत्रा महाग वाटेल, तरी मळेवाल्याकडूनच घ्या. पुढच्या वर्षी भिंत रचायला त्याच्याकडे पैसे हवेत.

वेळ संपली, कळलं. तीनच चित्रं दाखवतो, दिवे मालवा जरा. हे पहिलं कोर्निलियाचं. यात समुद्र नाही. डाव्या कोपऱ्यात दगडावर हात दिसतोय ना, तो आईचा.