पोमलवाडीची रुद्रभूमी

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. ते बहुतेक उजनी धरणाचं पाणी. दारात हंडे, टाक्या, बॅरल भरून ठेवायचे, मोटर लावायची, गल्लीभर गडबड. हे पाणी जिथून येतं त्या जलाशयाच्या तळाशी, करमाळा तालुक्याच्या पश्चिम कडेला, जुनी पोमलवाडी आहे. आणि जुन्या पोमलवाडीच्या रुद्रभूमीत, म्हणजे लिंगायतांच्या दफनभूमीत, माझ्या पणजोबांची समाधी आहे.

ती समाधी नेमकी कुठे आहे, हे शोधायला आम्ही निघालो. त्या शोधाची ही फिल्म.

(दृश्य: उजनीचं पसरलेलं पाणी, काठाला वेडी बाभूळ आणि ऊस)

आम्ही लिंगायत वाणी. आमच्यात दहन नसतं. देहाला आंघोळ घालतात, विभूती लावतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात आणि खड्ड्यात बसवून माती देतात. भोवती बेलाची पानं आणि विभूती. जंगम, म्हणजे आमचा पुरोहित, मंत्र म्हणतो. माणूस गेला असं आम्ही म्हणत नाही, लिंगैक्य झाला म्हणतो. वर चौथरा बांधायची ऐपत असेल तर चौथरा, नाही तर एक घडीव दगड. तिथं वर्षातून एकदा तरी घरच्यांनी जायचं, पाणी घालायचं, बेल वाहायचा. जिथं बसवलं ती जागाच आमच्याकडे पूर्वजाचं घर असते. म्हणून ती हरवली की फार लागतं.

वाण्याचं कुटुंब भीमाकाठच्या त्या गावात गेलं कशाला? रेल्वेमुळे.

डिसेंबर १८५८ मध्ये जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुण्याहून भीमेकाठी डिकसळपर्यंत आली आणि तिथंच थांबली. पुढे नदी होती. पूल होऊन गाडी पलीकडे जाईपर्यंत डिकसळ हे लोहमार्गाचं शेवटचं टोक होतं. रूळ तिथं संपायचे, पुढे बैलगाड्या. ऑक्टोबर १८५९ मध्ये गाडी बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डूवाडीला पोचली आणि जून १८६० मध्ये सोलापूरला. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा सुरू व्हायचा, आणि थोड्याच अंतरावर पोमलवाडी स्टेशन.

त्या काळात हा सगळा मुलूख सरहद्दीचा होता. करमाळ्याच्या पूर्वेला परांडा लागलं की निजामाचं राज्य. नाणं वेगळं, कायदा वेगळा, वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. अशा ठिकाणी स्टेशनाजवळ दुकान टाकणाऱ्याला तोटा नव्हता. मीठ, गूळ, रॉकेल, कापड वॅगनीतून उतरायचं आणि गाड्यांवर चढून आतल्या गावांना जायचं. पणजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघांचं मिळून एक भुसारी दुकान होतं. घरात त्याची एक पितळी मापटी राहिली आहे. तिच्या काठाला आतल्या बाजूनं बोट फिरवलं की धान्य घासून घासून गुळगुळीत झालेला पट्टा हाताला लागतो.

१९१८ साली पहिल्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांबरोबर मुंबई बंदरात ताप उतरला आणि रेल्वेच्या रुळांवरून देशभर गेला. लोक त्याला मानमोडी म्हणत. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, माणसं आधीच अर्धपोटी होती. देशात एक कोटीहून जास्त माणसं त्या साथीत गेली. ज्या गाडीनं आमच्या दुकानात माल आणला तिनंच ताप आणला. पणजोबा तिशीतच गेले. मागे बायको आणि आठ वर्षांचा मुलगा. तो मुलगा म्हणजे माझे अज्जा, आजोबा. आई त्यांना घेऊन त्याच गाडीनं सोलापूरला आली. पुढे अज्जांनी तिथल्या ‘जुनी मिल’ या कापडगिरणीत आयुष्य काढलं.

(दृश्य: कोतवाल बुकाचं पान, मोडी अक्षरं, बोट ओळीवरून सरकतं)

शोधाला सुरुवात कागदापासून केली. गावोगावी जन्ममृत्यूची नोंद कोतवालाच्या बुकात व्हायची, आपण त्याला गाव नमुना १४ म्हणतो. त्या काळातल्या नोंदी बहुतेक मोडीत असतात. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि वर्षानुवर्षं फडक्यात बांधून ठेवलेले दप्तर तहसील कार्यालयांमधून बाहेर आलं, स्कॅन झालं. जातीच्या दाखल्यासाठी झालेलं हे काम पूर्वज शोधणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे. त्याचं मोल अजून आपल्याला पुरतं कळलेलं नाही, असं मला वाटतं.

मोडी वाचणाऱ्या गुरुजींनी आमच्यासमोर पान लावलं. मयताचं नाव, बापाचं नाव, जात, वय आणि शेवटी मरणाचं कारण. गुरुजी वरून खाली कारणाचा रकाना वाचत गेले. ताप. ताप. ताप. बाळंतपण. ताप. ताप. एका पानावर एवढी घरं. सातव्या-आठव्या ओळीला ते थांबले आणि आमचं आडनाव म्हणाले. माझे वडील खुर्चीतून उठून उभे राहिले.

नोंदीत माणूस सापडला. पण माणूस कुठे पुरला, याला कोतवालाच्या बुकात रकाना नाही.

पुढचा कागद धरणाचा. उजनीचं काम १९६६ च्या सुमारास सुरू झालं आणि १९८० मध्ये धरण पुरं झालं. भीमेवरच्या या धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा. पुणे, सोलापूर आणि नगर या तीन जिल्ह्यांतली गावं त्यात गेली. रेल्वेलाही जागा सोडावी लागली, रूळ उचलून उंचावरून नेले गेले. आमच्या चुलत घराला मिळालेल्या भूसंपादन निवाड्याची नक्कल आम्ही मिळवली. घर, खण किती, भिंत दगडाची की मातीची. विहीर. बाभळी, लिंब, एक चिंच. प्रत्येकाची किंमत लावलेली. समाधीची नोंद नाही. पूर्वजाला किंमत लावू नये हे बरोबरच आहे. पण किंमत नाही म्हणून मोजमाप नाही, आणि मोजमाप नाही म्हणून जागा नाही, असं ते झालं.

मग राहिली आत्या. वय ऐंशीच्या पुढे. लहानपणी दर उन्हाळ्यात ती चुलत आजोबांकडे पोमलवाडीला जायची, पॅसेंजरनं.

आत्या सांगते ते तिच्याच शब्दांत ऐकू. तिचे अज्जा म्हणजे माझे पणजोबा.

«दुकानाच्या मागनं बोळ होता बघ. बोळातनं बाहेर पडलं की वढा. वढा वलांडून उजव्या हाताला रुद्रभूमी. कुंपण-बिंपण काय नव्हतं. आमच्या अज्जाची समाधी चौथऱ्याची, वर दगडाचं लिंग. त्याच्यावर बसायचं नाही म्हणून काकू वरडायची, पण बाजूला बसलं की सिग्नलचा खांब सरळ पुढं दिसायचा. खांबाचा हात पडला की आम्ही पळत सुटायचो स्टेशनावर.»

बोळ, ओढा, चौथरा, सिग्नल. कागदात काही नसताना चार खुणा मिळाल्या आणि त्यातली एक तर मोजता येण्यासारखी. रेल्वे कुठून जात होती हे धरणापूर्वीच्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांवर आहे. भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा काढला, त्यावर ओढा आहे, गावठाणाची हद्द आहे. सर्व्हे नंबर बदलून गट झालेले, म्हणून जुने-नवे नंबर जोडणारा एकत्रीकरणाचा उताराही लागला. हे सगळं उपग्रहाच्या चित्रांवर बसवलं. मे महिन्यात पाणी खूप खाली गेलेलं असतं तेव्हाच्या चित्रात जुन्या रेल्वेचा भराव एका सरळ रेघेत दिसतो, आणि त्या रेघेला टेकूनच बाकी सगळं जुळवता आलं. आत्याला लॅपटॉपवर दाखवलं. तिनं चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याजवळ गेली आणि ओढ्याच्या वळणावर बोट टेकवलं. «हितं.»

(दृश्य: भेगाळलेला गाळ, शिंपले, दूरवर रोहित पक्ष्यांचा थवा)

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा वजा साठ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे मृतसाठ्यातही बराच खाली गेला. सोलापूरकरांसाठी ती काळजीची बातमी होती आणि आमच्यासाठी वाट उघडली होती. नव्या पोमलवाडीतल्या एका मासेमाऱ्यानं आधी होडीतून, मग गाळातून नेलं. चिलापी माशांची जाळी वाळत घातलेली, उघड्या पडलेल्या जमिनीत कुणी गाळपेर केलेली. पायाखाली वरचा थर कोरडा, खाली पाय घोट्यापर्यंत जातो. जोत्यांचे दगड दिसतात. एका घराचा उंबरा तसाच आहे, मधोमध झिजलेला. ओढ्याचा खोलगट पट्टा ओळखू येतो.

त्याच्या उजव्या हाताला घडीव दगडांची एक ओळ वर आलेली होती. चार-पाच दगड, एकाच मापाचे, चुन्याचे सांधे अजून धरलेले. एका दगडाला वरून चौकोनी खाच, लिंग किंवा नंदी बसवायला असते तशी. वडिलांनी बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि हातानं गाळ पुसला. नाव नव्हतं. त्या रुद्रभूमीत आमचेच पूर्वज होते असं नाही, गावातल्या सगळ्या लिंगायत घरांचे होते. तो चौथरा आमचाच, असं मी या फिल्ममध्ये म्हणणार नाही. वडिलांनी बेल वाहिला, विभूती लावली आणि म्हणाले, «कुणाचा का असंना, शंभर वर्षं कुणी आलं नसंल त्यांच्याकडं.»

त्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहून घेतले. दगड हलवले नाहीत.

नवी समाधी बांधायची का, यावर घरात बरीच चर्चा झाली. सोलापुरात बांधावी असं काहींचं म्हणणं. आत्या तयार नव्हती. «माणूस तिकडं बसलाय आणि दगड हिकडं?» शेवटी हेळवी आले तेव्हा तिनं तोड काढली. हेळवी पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरांची वंशावळ सांगतात आणि चोपडीत लिहितात. त्यांच्याकडे पणजोबांचं नाव होतं, पुढे फक्त ‘पोमलवाडी’. आत्यानं समोर बसून पुढचं लिहायला लावलं : जुनं गावठाण, ओढ्याच्या उजव्या अंगाला, स्टेशनच्या सिग्नलसमोर.

आमचा नकाशा नव्या पोमलवाडीत आणि केत्तूरला दाखवला तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी त्यावर आपापली ठिकाणं सांगायला सुरुवात केली. चावडी, तालीम, मारुती, पाणवठा. एका चाचांनी मुसलमानांचं कबरस्तान दाखवलं. ते रेल्वेच्या भरावालगत, जरा उंचावर होतं, त्यामुळे तिथं गाळ कमी साचला असणार. त्यांच्या आजीची कबर तिथं आहे. पाणी पुन्हा उतरलं की आधी त्या बाजूला जायचं आहे, आणि चाचा बरोबर येणार आहेत.